अर्जुनाचं बी कुठून आणता?

वैनगंगेकाठच्या तुम्हा मंडळींना अर्जुनाचे गुण मी काय सांगायचे! सालीचा काढा घराघरांत ठाऊक, पानांवर कोसा रेशमाच्या अळ्या पोसता. मला बोलायचंय ते तुम्ही त्याचं बी कुठून आणता, त्याविषयी.

नदीकाठी झाडं लावायची ठरतात, कोणीतरी उन्हाळ्यात पोतं घेऊन निघतो. रस्त्यालगत भरपूर फळलेलं एक झाड दिसतं आणि पोतं तिथंच भरतं. पावसाळ्यात हजार रोपं तयार! पण अहो, ही सगळी एकाच आईची लेकरं.

आपण सोयरीक करताना कूळ बघतो, मुलगी दुसऱ्या गावी देतो. अर्जुनाची सोयरीक किडे आणि नदी जुळवतात. किडे एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. पाच पंखांचं फळ पुरात तरंगत खालच्या गावाला लागतं, तिथं रुजतं, तिथलंच होऊन नांदतं. आता गोसीखुर्दच्या जलाशयात कितीतरी काठ बुडाला, जुनी झाडं तुटली. परगावचं वऱ्हाड यायचं कुठून? त्यात आपण भावंडंच शेजारी शेजारी लावतो. त्यांची लग्नं मग आपसातच लागणार. लावलेली पिढी दिसायला झकास असते, म्हणून कोणाला शंका येत नाही. बी कमी रुजणं, रोपं किरटी राहणं, हे पुढच्या पिढीत दिसायला लागतं.

कोसावाल्यांनी तर हे आधी ऐकावं. पानांवर गाठी आणणारी ट्रायोझा कीड तुम्हाला माहीत आहे. एखादं झाड गाठींनी भरून जातं, शेजारच्यावर थोड्याच. हा फरक काही अंशी झाडाच्या रक्तातला. सालीतली औषधी द्रव्यंही झाडागणिक कमी-जास्त. एकाच झाडाचं बी लावलंत आणि ते नेमकं गाठी धरणारं निघालं, तर?

म्हणून सांगतो, बी एका झाडाचं घेऊ नका. पंचवीस-तीस झाडं निवडा, एकमेकांपासून निदान शंभर मीटर लांबची. प्रत्येकाचं बी सारखंच घ्या. पायपीट होईल, होऊ द्या. आणि ते आपल्याच नदीच्या काठचं असू द्या. रोपवाटिकेतून रोप घेतानाही विचारा, बी किती झाडांचं? उत्तर मिळालं नाही तर रागवा.

सालीचंही सांगायचं होतं. भोवताल सोलली की झाड वाळतं, आणि बहुधा जुनी, चांगल्या सालीची झाडंच आधी सोलली जातात, म्हणजे बियांसाठी उरतात ती... वेळ झाली म्हणतात. यंदा फळं गोळा करायला निघाल तेव्हा पहिल्या झाडाखाली पोतं भरू नका, एवढं ऐका.