सुर्ल्याच्या मातीतील हिरवळ



हिरवळ म्हटली की शहरातील बंगल्यापुढचे कातरलेले गवत डोळ्यांपुढे उभे राहते. गोव्याच्या खेड्याला ही कल्पना तशी उसनीच. येथील घरापुढे असते ते अंगण. पावसाळा सरताच ते चोपून, शेणाने सारवून तुळशीच्या लग्नासाठी सिद्ध केले जाते. त्या अंगणात गवत लावा, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न आहे तो शाळेच्या पटांगणाचा, पंचायतीच्या आवाराचा, रस्त्याच्या कडेचा आणि उघड्या पडलेल्या मातीच्या उतारांचा.

सुर्ला हे डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यातील गाव. या पट्ट्यात लोहखनिजाच्या वर असलेली माती काढून तिचे ढिगारे रचले गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबले, एप्रिल २०१४ च्या न्यायनिर्णयाने ते अटींसह पुन्हा सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीजांची नूतनीकरणे रद्द केल्यावर पुन्हा बंद पडले. पुढे लिलावाचा मार्ग अवलंबण्यात आला. खाण चालू असो वा बंद, उघड्या मातीचा स्वभाव मात्र बदलत नाही. उन्हाळ्यात ती धूळ होऊन वर्गात शिरते. पावसाळ्यात गाळ होऊन ओहोळात आणि शेतात उतरते. म्हणून येथे गवताचे काम शोभेचे नाही, माती धरून ठेवण्याचे आहे.

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पुढे मे अखेरपर्यंत जवळजवळ कोरडच. जे गवत लावायचे ते धो धो पाऊस आणि दीर्घ अवर्षण, दोन्ही सोसणारे हवे. असे गवत दूर जाऊन शोधावे लागत नाही. चवथीला गणपतीला ज्या दूर्वा वाहिल्या जातात, तीच ही हरळी. तिचे धावते कोंब जमिनीवर पसरतात, भूमिगत खोडे खाली टिकून राहतात. उन्हाने पाने करपली तरी जीव आत असतो. सावली मात्र तिला मानवत नाही. आंब्या-फणसाखाली हरळी लावण्याचा हट्ट धरू नये. तेथे पडलेला पालापाचोळाच राहू द्यावा, तोही माती झाकतो. सावलीत वाढणारे रुंद पानांचे गवत मिळते, परंतु ते पाण्याचे भोक्ते आहे.

येथील जांभ्याची माती आम्ल असते. कृषी खात्याकडून माती तपासून घेऊनच चुना किती घालावयाचा ते ठरवावे. जमीन वीतभर खणून दगड आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तर पुढे वर्षभर पश्चात्ताप करावा लागतो. नंतर कुजलेले शेणखत मिसळून, पाणी वाहून जाईल इतपत उतार ठेवावा. मुळ्या असलेले हरळीचे ठोंब चार-चार बोटांच्या अंतरावर खोचावेत. दुसरी रीत खेड्याला अधिक सोयीची: हरळीचे कोंब बारीक तोडून शेण व माती यांच्या काल्यात कालवावेत, तो काला जमिनीवर पातळ थापून वर थोडी भुसभुशीत माती पसरावी आणि ओल टिकवावी. अंगण सारवणाऱ्या हातांना हे काम शिकवावे लागणार नाही. जुलैच्या मुसळधार पावसात हा लेप वाहून जातो, म्हणून सपाट जागी पावसाचा जोर ओसरल्यावर, चवथीच्या सुमारास तो करणे बरे.

आता पाण्याचा हिशेब, कारण सारे त्यावरच अडते. कोरड्या हंगामात गवत हिरवेगार ठेवावयाचे तर आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे एका चौरस मीटरला २५ लिटर. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरांचा. तेव्हा एका गुंठ्याला आठवड्याला अडीच हजार लिटर, आणि जानेवारी ते मे या काळात ५०,००० लिटरांहून अधिक! ५,००० लिटरांचे दहा टँकर. ज्या भागात एप्रिलपासून विहिरीच्या तळाकडे पाहावे लागते, तेथे हे पाणी गवतावर ओतणे कोणत्याही अधिकाऱ्याने मंजूर करू नये आणि कोणत्याही ग्रामसभेने मागू नये.

मग करावे काय? हरळीला पिवळी पडू द्यावी. पिवळी हरळी मेलेली नसते, निजलेली असते. मृगाचा पाऊस लागला की पंधरवड्यात ती उठते. झोपेतही मुळे जगावीत म्हणून तीन-चार आठवड्यांतून एकदा पहाटे थोडे पाणी दिले तरी पुरे होते. शाळेत मुलांच्या हात धुण्याचे पाणी त्यासाठी वळविता येईल. हिरवा ठेवावयाचाच असेल तर ध्वजस्तंभाभोवतीचा लहानसा तुकडा ठेवावा. तेथे पाणी रोज शिंपडू नये. आठवड्यातून एक-दोनदा खोल मुरेल असे द्यावे. रोजच्या शिंतोड्याने मुळे वरच्या वर राहतात व पहिल्याच उन्हात होरपळतात. चालून गेल्यावर पावलांचे ठसे उमटून तसेच राहू लागले, की गवत तहानले असे समजावे. विद्यार्थ्यांना ही परीक्षा स्वतः करता येईल, आणि विज्ञानाचा तास वर्गाबाहेर घेण्यास शिक्षकांना निमित्तही मिळेल.

कापणीच्या वेळी पात्याच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग एकदम छाटू नये. उन्हाळ्यात गवत चार-पाच सेंटिमीटर उंच राहिले तर आपल्याच सावलीने ते माती थंड ठेवते. समारंभासाठी ऐन वेळी विकतचे गवताचे गालिचे अंथरण्याची प्रथा अलीकडे बोकाळली आहे. पाहुणे परततात, पाणी बंद होते आणि मार्चमध्ये तेथे पुन्हा धूळ उडू लागते.

तीव्र उतारावर हरळी एकटी पुरी पडत नाही. तेथे वाळा हवा. कर्नाटकातील गुंडलुपेटच्या परिसरात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधांवर वाळ्याच्या ओळी राखत आले आहेत. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी भारतातील पाणलोट कामांत वाळ्याचा पुरस्कार केला आणि पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात. पहिल्या पावसाबरोबर समतल रेषेत, वीतभराहून कमी अंतराने ठोंब लावावेत. एकही फट राहू देऊ नये, कारण पाणी नेमके तीच शोधते. खाणीच्या मातीत सेंद्रिय अंश नसल्यासारखाच असतो, तेव्हा प्रत्येक ठोंबाखाली मूठभर शेणखत हवेच. दोन ओळींमधल्या जागेत हरळी सोडावी. पहिल्या वर्षी मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावण्याचे काम पंचायतीने जूनपूर्वीच कोणावर तरी नेमून द्यावे.

ही लागवड रस्त्याच्या कडा, शाळेमागचे उतार आणि शेताच्या मेरा यांपुरतीच ग्रामस्थांनी हाती घ्यावी. लीजच्या हद्दीतील ढिगाऱ्यांवर परवानगीवाचून कोणी चढू नये. भर पावसात तर मुलांना त्यांच्या पायथ्याशीही फिरकू देऊ नये. तेथील उतार कोठे खचू लागला असे दिसले, तर पंचायतीमार्फत मामलेदार कार्यालयास त्याच दिवशी लेखी कळवावे.