कोळशाची तसबीर

चंद्रपुरात कोळशाची पूड विकत घ्यावी लागत नाही. खिडकीच्या गजावरून बोट फिरवले तरी पुरते. खाणीत आणि वीजकेंद्रात राबलेल्या माणसांच्या तसबिरी मी याच कोळशाने छापतो.

ही रीत माझी नव्हे. पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेला चिकट पदार्थ उजेडात घट्ट होतो आणि मग पाण्याला दाद देत नाही. या गुणावर फ्रान्सच्या आल्फोन्स प्वातव्हँ यांनी १८५५ मध्ये रंगद्रव्याची छपाई बेतली. मी चिकटपणासाठी बाभळीचा डिंक वापरतो. कोळशाचा खडा खलात कुटायचा, वस्त्रगाळ करायचा, डिंकाच्या पाण्यात घोटायचा. हे घोटणेच खरे काम. कण जाड राहिला तर गालावर देवीचे व्रण उठल्यासारखे दिसते. मग डायक्रोमेट घालून कागदावर हात द्यायचा, वाळला की त्यावर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा. ऊन पोचले तिथला डिंक कोळशाला धरून बसतो, बाकीचा पाण्यात सुटतो. एका हाताने चेहरा फिकाच येतो. तीन-चार वेळा तेच करावे लागते, आणि दर वेळी निगेटिव्ह तंतोतंत जुळवावे लागते, नाहीतर माणसाला चार डोळे! राखेचा रंग मात्र फारसा उठत नाही. डायक्रोमेट विषारी आहे, म्हणून हातमोजे हवेतच. शाळेतली मुले शिकायला येतात, त्यांना मी खलापाशी बसवतो, त्या बाटलीपाशी नाही.

एवढा खटाटोप कशाला, असे लोक विचारतात. कोळसा उन्हाने विटत नाही, हे एक उत्तर झाले. पण तेवढ्यासाठी बाजारचा काळा रंगही चालला असता. ज्या धुळीत माणसाची हयात गेली, तिनेच त्याचा चेहरा उमटावा, असे मला वाटते.

सगळ्यांना तसे वाटत नाही. खाणीतून निवृत्त झालेल्या एका काकांची तसबीर घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. काकांनी ती बराच वेळ उजेडात धरून पाहिली. कपाळावरच्या आठ्या नेमक्या आल्यात, म्हणाले. काकूंनी हात लावला नाही. ‘‘जे आमी रोज पुसून काढतो, तेच आता भिंतीले टांगाचं?’’

मला उत्तर सुचले नाही. त्यांच्या रागात तीस वर्षांचे धुणे होते, काकांचा खोकला होता. कोळसा मला रंग म्हणून दिसतो, कारण माझ्या घरी तो कोणाच्या छातीत गेलेला नाही.

काकूंनी तोडगा स्वतःच काढला. परसात विटांचे तुकडे पडले होते. त्यातला एक आणून माझ्या पुढ्यात ठेवला. विटेची पूड डिंकात छान बसते. तांबूस रंग येतो, सावल्या जरा उथळ राहतात, पण चेहऱ्याला ऊब येते. त्याच निगेटिव्हवरून मी दुसरी प्रत काढून दिली.

ती आता बैठकीत आहे. कोळशाची काकांनी मागून घेतली आणि नोकरीच्या कागदांबरोबर पेटीत ठेवली.