गेटाच्या आत सायकलीला जागा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही पहिल्या दिवसापासूनचे सभासद. जुन्या आठवणींवर दहा मिनिटं बोला." मी हो म्हणालो. पण आज मी एकच आठवण सांगणार आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे.

आपण इथं राहायला आलो, तेव्हा सांगली-मिरज-कुपवाड महापालिका होऊन दोनएक वर्षं झाली होती. ९ फेब्रुवारी १९९८ ला महापालिका झाली, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. तेव्हा गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याची शेड होती. सिमेंटमध्ये चाक बसेल एवढ्या खाचा केलेल्या. बत्तीस सदनिका आणि चाळीसच्या वर सायकली. स्कूटर मोजक्या. मोटार एकच, तीही बाहेर लिंबाखाली उभी असायची.

मी तेव्हा एमआयडीसीत टर्नर होतो. पहिली पाळी सातची. साडेसहाला आपल्या गेटातून आठ-दहा सायकली एकदम बाहेर पडायच्या. हँडलला डब्याची पिशवी, घंट्यांचा आवाज. पुढच्या चौकात इतर कॉलन्यांतली मंडळी मिळायची आणि कारखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सायकलींचा लोंढाच व्हायचा. ट्रकवाला मागून आला तरी गप हळू यायचा. त्याचा स्वभाव चांगला होता म्हणून नव्हे, तर आम्ही शंभर जण होतो म्हणून.

रस्त्यावरच्या सायकलवाल्याचं गणित एवढंच आहे. शंभर असले की रस्ता त्यांचा असतो. एकटा उरला की तो अडचण होतो.

मग हळूहळू हप्त्यावर गाड्या मिळायला लागल्या. मीही घेतली. २००९ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय आला, 'सायकल शेड काढून तेथे दुचाकी व चारचाकी पार्किंग करणे'. सूचक कोण होते ते सांगत नाही, ते आज इथं समोरच बसलेत. अनुमोदक मी होतो. इतिवृत्ताच्या वहीत माझी सही आहे. ठराव सर्वानुमते मंजूर. शेडचे पत्रे भंगारात दिले, त्याचे पैसे गणपतीच्या वर्गणीत जमा केले. कुणालाच वाईट वाटलं नाही. सायकलचा जमाना गेला, असंच सगळे म्हणालो.

खरंच गेला का हो?

२०११ च्या जनगणनेत लोकांना विचारलं होतं, कामाला कशानं जाता? शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांचा हा हिशेब आहे. त्यात देशभरात दर शंभरातले सुमारे तेरा जण सायकलनं जात होते. म्हणजे दोन कोटींच्या वर माणसं. सायकल गेली नव्हती. ती आपल्या घरातून गेली होती आणि आपल्याला वाटलं, गावातूनच गेली.

हे मला कळलं ते दोन वर्षांपूर्वी. आपल्याकडं चार घरी काम करणाऱ्या मावशी आहेत. बामणोलीकडून सायकलवर यायच्या. एक दिवस बघतो तर घाईघाईनं चालत येतायत, घामाघूम. विचारलं, "मावशी, सायकल पंक्चर का?" म्हणाल्या, "चोरीला गेली काका. चार दिवस झाले." मी म्हटलं, "कुठनं?" त्यांनी हात केला तो आपल्याच गेटाबाहेर. मी म्हटलं, "मग आत का लावत नव्हता?" त्या म्हणाल्या, "आत जागा कुठं हाय? गाडीला चरा पडंल म्हणत्यात."

रागानं नाही म्हणाल्या त्या. पाऊस पडतोय, असं सांगावं तशा म्हणाल्या. पण मला ती वही आठवली आणि त्या पानावरची माझी सही.

त्या चालत येतात म्हणून पहिल्या घरी उशीर, तिथं बोलणी. मग दुसऱ्या घरी उशीर. शेवटी त्यांनी एक घर सोडलं. महिन्याचे तेवढे पैसे गेले. आमच्या ठरावाची किंमत त्यांनी भरली.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी मला साखरेसाठी व्यायाम सांगितला. मी जुनी सायकल जिन्याखालून काढली, नवे टायर घातले आणि पंधरा वर्षांनी रस्त्यावर आलो. सपाट मुलूख आहे आपला. सांगली, मिरज, विश्रामबाग सगळं तासाभराच्या आत. सायकलसाठी याहून चांगलं गाव शोधून सापडायचं नाही. पण रस्ता तो राहिला नव्हता.

डांबराची कड संपते तिथं चार बोटं खड्डा. कडेला वाळू साचलेली, त्यावर ब्रेक मारला की चाक सरकतं. मागून हॉर्न वाजला की कडेला जावं, तर कडेला उभी मोटार आणि तिचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. दुसऱ्याच आठवड्यात गटारीच्या लोखंडी जाळीत माझं पुढचं चाक अडकलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं बसवलेल्या होत्या. आडव्या असत्या तर चाक वरून गेलं असतं. हनुवटीला तीन टाके पडले. सौभाग्यवती म्हणाल्या, "झाला व्यायाम?"

मी हसलो, पण विचार करत राहिलो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री अकरा-साडेअकराला अजून कामगार सायकलवर घरी जातात. ऊसतोडीचा हंगाम असतो, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून चाललेले असतात. किती तरी ट्रॉल्यांना मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. रस्त्यावर उसाची कांडी पडलेली. त्या माणसाला डॉक्टरांनी सायकल सांगितलेली नाही. त्याला दुसरं काही परवडत नाही. माझे तीन टाके त्याच्या नशिबी रोजच आहेत.

माझी लेक पुण्यात असते. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. तिथं बऱ्याच रस्त्यांना सायकल मार्ग केलेत. मी हौसेनं बघायला गेलो. चांगला मार्ग सुरू होतो, मध्येच विजेचा खांब. पुढं गाड्या लावलेल्या. आणि चौक आला की मार्ग गायब. जिथं खरी भीती असते, तिथंच सोडून दिलेलं. २०१७ च्या अखेरीला भाड्याच्या सायकलीही आल्या होत्या, दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. पैसा खर्च होऊनही काम होत नाही, ते तुटक केलं म्हणून.

काहींना वाटेल, सायकल परदेशातच शोभते. हॉलंडचं नाव निघतं. पण तिथंही पन्नास-साठच्या दशकात मोटारी वाढल्या आणि सायकली हटत गेल्या. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसं मेली. त्यात चारशेच्या वर मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे बळी थांबवा म्हणाले. १९७३ ला पेट्रोलची टंचाई आली, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हापासून त्यांनी एकेक रस्ता बदलत आणला. म्हणजे ते लोक काही पोटातून सायकल शिकून आले नव्हते. त्यांनी ते ठरवलं.

आपल्याकडंही नियम नवे नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकल मार्ग कसे बांधावेत, हे १९६२ मध्येच छापलं आणि २०१५ मध्ये नव्यानं काढलं. कागद तयार आहे. मागणारं कुणी नाही, कारण मागू शकणारे आपण सगळे गाडीवर आहोत आणि सायकलवर असलेल्यांना आपण गेटाबाहेर ठेवलंय.

आता मुलांकडं बघून बोलतो. तुमच्यापैकी कितीजण शाळेला सायकलनं जातात? हात वर करा. ...तीन. आणि सायकल कितीजणांकडं आहे? बघा, सगळ्यांचेच हात वर. सायकली आहेत, पण जिन्यात गंजतायत. कारण आईला रस्त्याची भीती वाटते. आईचं चुकत नाही. पण मुलं सोडायला आपण जितक्या गाड्या काढतो, तितकी शाळेसमोरची भीती वाढते, हेही खरं.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त मी दोनच गोष्टी मागतो.

पहिली, महापालिकेला आपण बत्तीस घरांच्या सह्यांचा अर्ज देऊ. मोठं काही मागायचं नाही. आपल्या रस्त्यावरच्या गटारीच्या जाळ्या आडव्या बसवा, डांबराची कड भरून घ्या, शाळेच्या चौकात गतिरोधक करा आणि बंद दिवे लावा. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, म्हणून वेग कमी करणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरी आपल्या हातातली आहे. गेटाजवळ एका मोटारीची जागा सोडायची. तेवढ्यात सात-आठ सायकली आरामात बसतात. वर पत्रा, साखळी लावायला लोखंडी पाईप, एक दिवा. त्यात मावशींची सायकल, वॉचमनची, पेपरवाल्याची आणि आपल्या पोरांची. जागा कुणाची द्यायची, हा वाद नको. माझी द्या. माझी गाडी मी बाहेर लावीन. लिंब अजून आहे.

मावशींनी आता जुनी सायकल घेतली आहे. ती आजही बाहेरच, खांबाला साखळीनं बांधलेली आहे. जेवायला जाताना बघा.

पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. विषय मी लेखी दिला आहे, 'सायकल शेड पुन्हा बांधणे'. मागच्या वेळी मी अनुमोदक होतो. या वेळी सूचक मी आहे. अनुमोदक पाहिजे.