युरिया भाताला की वाऱ्याला?



रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान हे विषय शाळेत वेगळे शिकवतात. आपल्या खाचरात मात्र ते एका जुवाला जुंपलेले आहेत.

बियाणंच घ्या. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवलं की पाणी जड होतं. पोकळ दाणा वर तरंगतो, भरीव खाली बसतो. तरंगलेला काढून टाका. बुडालेला दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. हे तुमच्यापैकी बरेच जण करतात.

खरी गळती आहे युरियाची. भरल्या खाचरात युरिया फोकला की तो पाण्यात विरघळतो आणि थोड्या दिवसांत त्याचा अमोनिया होऊ लागतो. हे झालं रसायनशास्त्र. गोठ्यात मूत साचलं की नाकाला झोंबतो तो हाच वायू. मग ऊन-वारा लागला की ओलं धोतर वाळावं तसा तो पाण्यातून उडून जातो, हे पदार्थविज्ञान. पाण्यावर शेवाळ असेल तर नुकसान जास्त. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि अमोनिया लवकर सुटतो. त्यातून बांध फुटला तर उरलेलं खत ओढ्याला!

तोच युरिया चिखलात 7 ते 10 सेंटिमीटर खोल गेला तर? तिथं हवा पोचत नाही, म्हणून त्याचं नायट्रेट होऊन निचऱ्याबरोबर जाण्याची भीती कमी. शिवाय अमोनियमवर धन विद्युतभार, चिकणमातीच्या कणांवर ऋण. माती त्याला धरून ठेवते, मुळं लागेल तसं घेतात.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत म्हणूनच युरिया-डीएपीच्या गोळ्या आहेत. दोन्ही बाजूंनी 15 आणि 25 सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर ठेवून लावणी करा. 15 सेंटिमीटरच्या चौकोनातल्या चार चुडांच्या मधोमध, त्याच दिवशी, 2.7 ग्रॅमची एक गोळी खोचा. गुंठ्याला सुमारे 1.7 किलो लागतात. वाकून कंबर मोडते, ही बायांची तक्रार खरी आहे. पण एकदा खोचल्यावर पुन्हा युरिया फोकायला उतरावं लागत नाही.

गोळ्यांचं पोतं पावसाळ्यात उघडं ठेवू नका. हवेतला ओलावा ओढून त्या भुसभुशीत होतात, आणि हातातच फुटतात.