जस्ताची गोळी आणि रक्तदाब : एका व्यापाऱ्याचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य शिबिराच्या प्रसंगी केलेले भाषण)



मी वैद्य नाही, कापडाचा व्यापारी आहे. तरीही आज आरोग्यावर बोलण्याचे धाडस करतो, कारण या विषयाचे मोल मी स्वतः चुकविले आहे. मला अनेक वर्षांपासून मधुमेह व रक्तदाब आहे. जस्ताने, म्हणजे झिंकने, दोन्ही आटोक्यात येतात असे एका स्नेह्याकडून ऐकले आणि मी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली. दीड महिन्याने दुकानातच भोवळ आली. रक्तदाब १८० च्या वर गेला होता. सुदैवाने निभावले.

त्यानंतर मी हा विषय समजून घेतला. जस्ताचे महत्त्व खोटे नाही. स्वादुपिंडात इन्सुलिन साठविले जाते ते जस्ताच्याच आधाराने. मधुमेहात लघवीवाटे जस्त अधिक प्रमाणात जाते. माणसात जस्ताची कमतरता असते, हे १९६० च्या दशकात इराण व इजिप्तमधील रुग्णांच्या अभ्यासातून जगापुढे मांडणारे डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारचे, ही अभिमानाची गोष्ट होय.

परंतु रक्तदाबाचे काय? मधुमेही रुग्णांना जस्त देऊन केलेल्या प्रयोगांचे एकत्रित आढावे घेतले गेले आहेत. त्यांत वरचा रक्तदाब सरासरीने थोडासाच उतरलेला दिसतो. खालच्या रक्तदाबाबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. बरेचसे प्रयोग लहान व अल्पकाळाचे आहेत. रक्तदाबाच्या नेहमीच्या औषधाने होणारी घट याहून कितीतरी अधिक असते. म्हणजे जस्त ही फार तर किरकोळ जमा; ती मुद्दलाची जागा घेऊ शकत नाही.

आपला आहार शाकाहारी. धान्य व डाळींतील फायटेटमुळे त्यांतील जस्त शरीरात कमी शोषले जाते. मोड आणल्याने, आंबविल्याने फायटेट घटते; पण आपल्यापैकी अनेकांना ते वर्ज्य आहे. अशांनी कडधान्ये काही तास भिजवून त्याच दिवशी शिजवावीत, त्यानेही थोडा लाभ होतो. तीळ, भोपळ्याच्या बिया, काजू, हरभरा, दूध यांतून जस्त मिळते. पुरुषांना दिवसाला १७ मिलिग्रॅम व स्त्रियांना सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त लागते, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितले आहे.

गोळी घ्यावयाचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. दीर्घकाळ अधिक मात्रा घेतल्यास शरीरातील तांबे घटते व रक्ताच्या तक्रारी उद्भवतात. आणखी एक सावधगिरी : अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. आपण ताटात जे पाळतो ते औषधातही विचारून घ्यावे.

पापड, लोणची, फरसाण यांतील मीठ कमी करणे, रोज चालणे आणि औषध नियमित घेणे, हाच खरा नफा. न्यासाने पन्नास वर्षे सेवेची परंपरा जपली. ती पुढे नेणारी शरीरे आपण जपली पाहिजेत, कारण धर्माराधनाही याच देहाने घडते. उपवास करणाऱ्या मधुमेही बांधवांनीही औषधाचा विचार डॉक्टरांशी आधी करावा, ही विनंती.

माझ्या बोलण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेन्द्र!