गिरणीवाल्यांची मुलगी

(१९९५ साली दहावी झालेल्या आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘वाई ते सिॲटल : एक यशस्वी वाटचाल’. फोनवर मी हो म्हटलं आणि नंतर चार रात्री कागद घेऊन बसले. वाई लिहिता आलं, सिॲटलही लिहिता आलं. ‘यशस्वी’पाशी पेन अडकलं. म्हणून बाईंच्या परवानगीने विषय थोडा बदलते. मी इथली असून इथली नाही असं वागायला कशी शिकले, आणि त्याचा भार कुणी उचलला, ते सांगते.

वर्गात मला सगळे ‘गिरणीवाली’ म्हणायचे. त्यात खोटं काहीच नव्हतं. पुढे बाबांची पिठाची गिरणी आणि मागे आमच्या दोन खोल्या. माझ्या वह्यांवर कायम पिठाचे हात उमटलेले. एकदा विज्ञानाच्या सरांनी माझी वही झटकली आणि पहिल्या बाकावरचे दोघं शिंकायला लागले, हे सरांना आठवत असेल. शाळा सुटली की मी डबे रांगेत लावायची. आधी गहू, मग ज्वारी-बाजरी, डाळ शेवटी. कारण आधीच्या दळणाचं मूठभर पीठ पुढच्याच्या डब्यात जातंच. डब्यांवर नावं नसायची. कुणाच्या कडीला लाल दोरा, कुणाचा डबा एका बाजूने चेपलेला. बाबा प्रत्येक डबा ओळखायचे. पट्ट्याचा आवाज जरा बदलला की बोलता बोलता उठून मोटर बंद करायचे.

आज मी ज्या कामाचा पगार घेते, ते याहून फार वेगळं नाही. हजारो कामं रांगेत लावायची, एकाचा माल दुसऱ्याच्या डब्यात जाऊ द्यायचा नाही आणि यंत्रणा बंद पडायच्या आधी तिचा बदललेला आवाज ओळखायचा. पण हे उघडपणे म्हणायला मला पंचवीस वर्षं लागली.

१९९७ला बारावी झाली आणि मी सांगलीला इंजिनीअरिंगला गेले. आपण इंग्रजी शिकलो पाचवीपासून. अकरावी-बारावी इंग्रजीतून केली तरी माझ्या डोक्यात कर्ण म्हणजे कर्णच होता, हायपोटेन्यूज म्हणताना जीभ अडखळायची. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, ‘डॅड काय करतात?’ मी म्हटलं, ‘बिझनेस.’ ‘कसला?’ मी म्हटलं, ‘फूड प्रोसेसिंग.’

हसताय, हसा. मीही नंतर हसले. पण दुसऱ्या वर्षी बाबा न कळवता हॉस्टेलच्या फाटकाशी आले. हातात आईने दिलेला लाडवांचा डबा, अंगावर ठेवणीतला शर्ट आणि कानामागे पीठ राहिलेलं. मी त्यांना आत नेलं नाही. ‘बाबा, चला, इथे बसायला जागा नाही,’ असं म्हणत रिक्षाने थेट एसटी स्टँडवर नेलं, चहा पाजला आणि गाडीत बसवलं. त्यानंतर ते कधी आले नाहीत. विचारलं की म्हणायचे, ‘सांगली लांब पडते गं.’

सांगलीत मी निदान ‘वाईची’ होते. २००१ला पदवी मिळाली, तेव्हा अमेरिकेतल्या इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला होता; नेमणुकीची पत्रं हातात असून रुजू व्हायच्या तारखा पुढे जात होत्या. शेवटी पुण्यात नोकरी लागली. पुण्यात मी ‘साताऱ्याकडची’ झाले. २००६ला अमेरिकेत गेले आणि ‘पुण्याची’ झाले. पुढे समजावण्याचा कंटाळा आला म्हणून ‘मुंबईजवळची’. माझं गाव दर मुक्कामाला थोडं थोडं सरकत गेलं.

‘स्वदेस’ सिनेमा आला २००४च्या डिसेंबरमध्ये. ऑफिसातल्या आम्ही सगळ्या पुण्यात तो बघायला गेलो. पडद्यावर मेणवलीचा घाट आला. शेजारची म्हणाली, ‘काय सुंदर गाव शोधलंय!’ त्या घाटावर आपली सहल गेली होती, मी पाण्यात घसरून पडले होते आणि बाईंनी मला त्यांच्या पदराने पुसलं होतं. मी शेजारणीला एवढंच म्हटलं, ‘हो ना, छान आहे.’

अमेरिकेत मी नावही कापलं. आईबाबांनी ठेवलेलं चार अक्षरी नाव तिथल्यांना सोपं पडावं म्हणून दोन अक्षरांवर आणलं. आपल्या जिभेला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकच. गाडीत एकटी असताना ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ घोकायची. डब्यात भाकरी नेणं बंद केलं.

पण बदललं ते सगळंच खोटं होतं, असं मी म्हणणार नाही. दहा वर्षांच्या शाळेत मी एकदाही हात वर करून ‘मला समजलं नाही’ असं म्हटलं नव्हतं. ते तिथे शिकले. वरिष्ठाला तोंडावर ‘तुमचं चुकतंय’ म्हणायला शिकले, बर्फातही गाडी चालवायला शिकले. ही नवी बाई मला आवडते. फक्त ती मी एकटीने घडवली, असं मला वाटत होतं.

आता २०२०.

बाबांना दमा होताच; चाळीस वर्षं पीठ श्वासात गेलं. ऑगस्टमध्ये तो बळावला. कोविड नव्हता, पण त्या दिवसांत दम लागलेल्या माणसाजवळ कुणी उभं राहत नव्हतं. माझा तिथला कामाचा परवाना वाढवून मिळालेला होता, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली होती. नवा शिक्का भारतातल्या अमेरिकन वकिलातीतून घ्यायचा, तर तिथलं नेहमीचं काम बंद. त्यातच जूनमध्ये हुकूम निघाला होता की एच-वन-बी व्हिसावर नव्याने येणाऱ्यांना वर्षअखेरीपर्यंत आत घ्यायचं नाही. नेहमीची विमानं मार्चपासून बंद होती, तरी वंदे भारतची विमानं येत-जात होती. म्हणजे इकडे येणं शक्य होतं, परत जाण्याचा भरवसा नव्हता. तिकडे आठ वर्षांची मुलगी, घराचं कर्ज आणि नवऱ्याची नुकतीच गेलेली नोकरी.

लोकांना मी सांगते, ‘अडकले होते.’ ते अर्धंच खरं आहे. तिकिटाचं पान दोनदा उघडून मी दोनदा बंद केलं. मी न येण्याचं ठरवलं.

बाबांना रात्री दोन वाजता साताऱ्याला नेलं आपल्याच वर्गातल्या एकाने, स्वतःच्या गाडीतून. तो इथे बसला आहे आणि ‘नाव घेतलंस तर उठून जाईन’ अशी धमकी त्याने दिली आहे. गणितात त्याची नेहमी गाडी अडायची. सराव परीक्षेत त्याने माझ्या पेपरात डोकावलं तेव्हा मी हाताने उत्तर झाकलं होतं, तो हाच. नऊ दिवस तो बाबांसोबत राहिला. बाबांनी त्याला सांगितलं होतं, ‘तिला कळव, पण ये म्हणू नकोस.’

इथे सकाळचे अकरा वाजले होते, तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा. कृष्णेकाठी पाऊस होता. त्याने फोन धरला होता आणि शर्टाच्या टोकाने तो पुन्हा पुन्हा पुसत होता. मधूनच त्याचा हात खाली यायचा आणि मला ओली जमीन आणि चपला दिसायच्या. माझ्या बाबांना शेवटचं मी तसं पाहिलं.

पुढे दोन महिने तो रोज संध्याकाळी गिरणी उघडायचा. मी पैसे पाठवते म्हटलं तर चिडला. आता गिरणी बंद आहे; घरोघरी घरघंट्या आल्या. मागच्या वर्षी आले तेव्हा मी त्याला विचारलं, ‘इतकं का केलंस?’ तो म्हणाला, ‘माझे वडील गेल्यावर तुझ्या बाबांनी आमचं दळण किती वर्षं उधारीवर दळलं, ते तुला माहीत आहे का? आईने पैसे द्यायला काढले की म्हणायचे, पुढच्या वेळी.’

मला माहीत नव्हतं. ज्या गिरणीची मला लाज वाटत होती, तिच्या खात्यावर माझ्या नकळत जमा होत होतं आणि गरज पडली तेव्हा ते माझ्या आईच्या कामी आलं.

म्हणून एक मागणं आहे. आपल्यातले बरेच जण बाहेर आहेत. कुणी पुण्या-मुंबईत, कुणी परदेशात. आपले आईवडील इथेच आहेत आणि सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेले आहेत. दाराजवळच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. बाहेर राहणाऱ्यांनी त्यात आईवडिलांचा पत्ता, औषधं, डॉक्टर आणि रात्री-अपरात्री उचलला जाईल असा स्वतःचा फोन नंबर लिहावा. गावात राहणाऱ्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनी समोर आपलं नाव लिहावं. गाडीचा, दवाखान्याचा खर्च बाहेरच्यांनी आधीच एका खात्यात ठेवायचा. मागायची वेळ कुणावर येऊ द्यायची नाही. आणि दहावीतल्या ज्या मुलांना पुढे इंग्रजीतून शिकायची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी मी दर रविवारी एक तास फोनवर बसेन. आपली पहिली ओळख करून देताना वडील काय करतात ते खरं सांगायचं, एवढी एकच अट.

शेवटी स्मरणिकेच्या संपादकांना विनंती. सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना ‘स्वतःच्या हिमतीवर’ असं म्हटलं. छापताना ते शब्द गाळा. त्या जागी ‘गिरणीवाल्यांची मुलगी’ एवढंच लिहा. सरांना आणि बाईंना तेवढ्यावरून मी कोण ते कळेल.