मेम्ब्रेनचा हजारावा दिवस

खारं पाणी गाळून गोडं करणारं नवं मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीचा पडदा, तयार झालं की पहिली विचारणा होते ती पाणी किती सुटतं याची. माझा प्रश्न आहे, हजाराव्या दिवशी किती सुटेल?

चक्का बांधायचं फडकं आठवा. नवं असताना पाणी भराभर गळतं. पुढे चिकटा धाग्यांत बसतो आणि थेंबाथेंबाची वाट पाहावी लागते. मग आपण वर वरवंटा ठेवतो. दाबानं थोडं पाणी सुटतं खरं, पण साका आणखी घट्ट रुततो. मेम्ब्रेनमधून दाबानं पाणी गाळणाऱ्या आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) प्रकल्पातही पंपाचा दाब असाच वाढत जातो आणि विजेचं बिलही. सुगरण फडकं ओलं असतानाच धुते. एकदा वाळलं की ते साफ होत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

१९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं मेम्ब्रेन घडवलं. १९६५ साली कोअलिंगा गावात त्यावर प्रकल्प चालू झाला. पुढे जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा थर आणला, जेमतेम मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. क्षार अडवण्यात तो सरस, पण क्लोरीन त्याला सोसत नाही. म्हणून जंतू मारायला घातलेला क्लोरीन मेम्ब्रेनच्या तोंडाशी काढून टाकावा लागतो. आणि तो गेला की उरलेसुरले जंतू मेम्ब्रेनवरच बुळबुळीत थर धरतात! ही गाठ अजून पुरती सुटलेली नाही. संशोधनाचा पैसा इथे लागायला हवा.

आपल्याकडे भावनगरच्या मीठ-संशोधन संस्थेत, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात मेम्ब्रेनवर चांगलं काम झालं आहे. तरुण संशोधकांना मात्र हक्कानं रागावते. शुद्ध पाण्यात लिटरला दोन ग्रॅम मीठ घालून काही तासांची चाचणी घ्यायची आणि तेवढ्यावर शोधनिबंध लिहायचा? गाळ, शेवाळ, तेल, साबण यांचं काय? पुन्हा सांगते, हजाराव्या दिवसाचा आकडा द्या.

मुंबईसाठी मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचं घाटतं आहे. पावसाळ्यात तिथलं पाणी किती गढूळ होतं, ते कोळ्यांना विचारा. त्या पाण्यात मेम्ब्रेनचे तुकडे चारही महिने ठेवून पाहिले पाहिजेत, आणि दर आठवड्याला धुऊन... वेळ संपल्याची खूण झाली. निकामी मेम्ब्रेनं टाकायची कुठे, हे राहिलंच. तो विषयही धुण्याशीच येऊन भिडतो: नीट धुतलेलं मेम्ब्रेन उशिरा टाकावं लागतं.